रोजच्या धबडग्यात कलेची बैठक कशी बसवाल

चित्र काढावंसं वाटतं, दोन ओळी लिहाव्याशा वाटतात, सुटलेलं वाद्य पुन्हा हातात घ्यावंसं वाटतं, पण वेळच मिळत नाही. असं म्हणणाऱ्यांचा दिवस जरा बारकाईने पाहिला तर अडचण बहुतेक वेळा वेगळीच निघते. रात्री नऊच्या पुढे अर्धा तास मोकळा असतो. पण वही कपाटाच्या वरच्या फळीवर असते, पेन्सिलीला टोक नसतं आणि काढायचं काय हे ठरलेलं नसतं. ते ठरवण्यात दहा मिनिटं जातात, मग हात आपसूक फोनकडे वळतो आणि अर्ध्या तासाचा निकाल लागतो. एकदा पेन कागदाला टेकलं की पुढची पंधरा मिनिटं फारशी कुणाला जड जात नाहीत. घोडं अडतं ते टेकण्याआधीच.

पुढे जे काही सांगितलंय ते सगळं या एका अडथळ्याभोवती फिरतं. प्रतिभा, प्रेरणा वगैरे मोठ्या शब्दांकडे मी फारसा वळणार नाही. नवख्या माणसाला त्यांचा उपयोग कमी आणि दडपणच जास्त होतं.

आधी एक काहीतरी धरा

सुरुवातीला उत्साह भरात असतो, त्यामुळे माणूस जलरंग, गिटार आणि कविता एकाच आठवड्यात सुरू करतो. महिन्याभरात तिन्ही धूळ खात पडतात. निदान पहिले दोन-तीन महिने एकच माध्यम धरा.

कोणतं, हे ठरेना तर दोन प्रश्न विचारा. पहिला, कुणी बघणार नाही, कौतुक करणार नाही, अशी खात्री असली तरी मला यातलं काय करावंसं वाटेल? दुसरा प्रश्न जास्त व्यवहाराचा: माझ्या घरात, माझ्या वेळात यातलं काय बसतं? रात्री अकराला शेजारी झोपलेले असतात तेव्हा तबला वाजवता येत नाही, भरतकाम करता येतं. घरात रांगतं मूल असेल तर ऑइल पेंट आणि टर्पेंटाइन सध्या बाजूलाच बरं. प्रवासात रोज तासभर जात असेल तर लिहिणं किंवा खिशातल्या वहीत रेखाटनं सोपी पडतात. आवड आणि सोय यांत ओढाताण झालीच, तर सुरुवातीपुरता मी सोयीच्या बाजूने कौल देईन. आवड हात चालायला लागल्यावर वाढते. गैरसोय मात्र रोज उठून तेवढीच राहते.

सामान: थोडं, आणि नजरेसमोर

सामान विकत घेणं हा काम टाळण्याचा फार सभ्य मार्ग आहे. छत्तीस रंगांची पेटी, तीन जाडीचे ब्रश, ईझल (चित्र टेकवायची घोडी) हे सगळं घरी येतं आणि आपण काहीतरी केलं असं समाधान देऊन जातं. रेखाटनासाठी एक एचबी (मध्यम) आणि एक टूबी (जरा मऊ, गडद) पेन्सिल, खोडरबर, आणि ए5 आकाराची म्हणजे 148 बाय 210 मिलिमीटरची वही एवढं पुरतं. पेन्सिल किंवा बॉलपेनला 80 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा) साधा कागद चालतो. पाण्याचे रंग वापरणार असाल तर मात्र इथे काटकसर करू नका. पातळ कागद पाणी लागताच फुगतो, लाटा धरतो, रंग त्या खळग्यांत साचतो आणि नवशिक्याला वाटतं की आपलाच हात वाईट आहे. 300 जीएसएमचा कागद घ्या, हवं तर त्याचे पोस्टकार्डाएवढे तुकडे करून वापरा. पेनाने रेखाटून वर रंग देणार असाल तर शाई वॉटरप्रूफ आहे ना, हे आधी कोपऱ्यात रेघ मारून, वाळवून, ओला ब्रश फिरवून बघा.

वही फार सुंदर घेऊ नका. जाड पुठ्ठ्याची, सोनेरी कडेची वही हातात आली की पहिलं पान खराब करायची छातीच होत नाही. तशी कुणी भेट दिलीच असेल तर पहिल्या पानावर पेनं चालतात का ते बघा, रंगांचे ठिपके द्या, आडव्या-उभ्या रेघोट्या मारा. एकदा ते पान बिघडलं की बाकीची वही वापरायला मोकळी होते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे सामान दिसलं पाहिजे. बंद कपाटातली वही ही नसलेली वही. टेबलाचा एक कोपरा, तेही नसेल तर एक पिशवी किंवा डबा, ज्यात सगळं एकत्र आहे आणि जो उचलून कुठेही बसता येतं. गिटार खोळीत घालून कपाटामागे ठेवली की ती आठवड्यातून एकदा निघते. स्टँडवर उभी असली की जाता-येता दोनदा तरी छेडली जाते. धुळीची काळजी असेल तर वर फडकं टाका, पण ठेवा बाहेरच.

वेळ आधीच्या कामाला बांधा

"रोज संध्याकाळी लिहायचं" हे ठरवणं म्हणजे काहीच न ठरवणं. संध्याकाळ तीन तासांची असते आणि त्या तीन तासांत दर पाच मिनिटांनी "आता की नंतर" हा निर्णय घ्यावा लागतो. त्यापेक्षा दिवसात जे काम न चुकता होतंच, त्याच्या शेपटीला आपलं काम बांधा. कपडे वाळत घातले की खिडकीशी बसून दहा मिनिटं चित्र. ऑफिसचा लॅपटॉप बंद केला की त्याच खुर्चीत वही उघडायची. मुलांना झोपवलं की सुई-दोरा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1999 मध्ये अशा "अमुक झालं की तमुक करीन" पद्धतीच्या आराखड्यांबद्दल लिहिलं आणि त्यानंतर त्यावर भरपूर संशोधन झालं. त्यातली मुख्य गोष्ट आपल्या उपयोगाची आहे: कधी आणि कुठे हे आधीच ठरलेलं असलं की ती वेळ आल्यावर डोक्याला पुन्हा कामाला लावावं लागत नाही.

किती वेळ? दहा ते पंधरा मिनिटं. हे ऐकून बरेच जण नाराज होतात, एवढ्यात काय होणार म्हणून. व्हायचं ते होतं. रंगलं तर पुढे चालू ठेवायला कुणी अडवलेलं नाही, पण ठरलेलं माप दहाच मिनिटांचं ठेवा, कारण ते माप चांगल्या दिवसासाठी नसून वाईट दिवसासाठी असतं. डोकं दुखतंय, पाहुणे येऊन गेलेत, भांडण झालंय, अशा दिवशीही जेवढं जमेल तेवढंच ठरवायचं.

घरच्यांना एकदा स्पष्ट सांगून टाका. आडून आडून सुचवत बसलात तर त्या दहा मिनिटांत हमखास कुणाला तरी कात्री सापडत नाही. "घड्याळात साडेनऊ होईपर्यंत मी घरात नाही असं समजा" हे सरळ वाक्य पुरतं. लहान मुलं असतील तर त्यांनाही शेजारी एक कागद आणि खडू देऊन बसवा. काही दिवस गोंधळ होतो, पुढे तीही त्या वेळेला सरावतात. निदान काही मुलं तरी.

पहिल्या आठवड्यांत नेमकं काय करायचं

"मनाला येईल ते करा" हा सल्ला अनुभवी माणसाला ठीक. नवख्याच्या मनाला त्या क्षणी काहीच येत नाही. पहिले काही आठवडे काम आधीच ठरलेलं असू द्या, आणि ते बघण्याचं किंवा ऐकण्याचं असू द्या. सुचण्याची वाट बघत बसावं लागेल असं काही नको.

चित्राचं उदाहरण घेऊ. समोर टेबलावर एक साधा कप ठेवा, डोळ्यांच्या पातळीच्या खाली. नवखा माणूस कपाचं तोंड लंबगोल काढतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंना टोकं करतो. आणि बूड सरळ रेघ मारून बंद करतो, कारण कप सपाट बसलाय हे त्याला ठाऊक असतं. आता पेन्सिल खाली ठेवा आणि नुसतं बघा. तोंडाची कड कुठेही टोकदार होत नाही. अगदी कडेलाही ती वळूनच मागे जाते. बुडाची कड सरळ तर नाहीच, उलट तोंडाच्या कडेपेक्षा जास्त गोलाई घेऊन आलेली दिसते, कारण बूड डोळ्यांच्या पातळीपासून आणखी खाली आहे. मान खाली घालून डोळे कपाच्या काठाच्या रेषेत आणा: तोंडाचा लंबगोल चपटा होत होत एक सरळ रेघ उरते. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पकडलं की वाटी, बादली, फुलदाणी सगळीकडे तेच दिसायला लागतं. दहा मिनिटांचा कप असा आठवडाभर पुरतो. एक दिवस वरून, एक दिवस समोरून, एक दिवस आडवा पाडून.

याच्या जोडीला एक जुना सराव आहे. कागदाकडे अजिबात न बघता वस्तूची बाह्यरेषा काढायची. नजर कडेवरून जितक्या संथपणे सरकेल तितक्याच संथपणे पेन्सिल सरकवायची, चार-पाच मिनिटं, मधे डोकावायचं नाही. निघतं ते वेडंवाकडंच. स्वतःच्या डाव्या हाताचं असं चित्र काढून बघा, बोटं भलतीकडे गेलेली असतात आणि तरीही एखाद्या पेराची घडी अशी नेमकी उतरलेली असते की बघत राहावं. चित्र चांगलं येण्याची सोयच नसल्यामुळे ते चांगलं यावं ही धास्तीही नसते.

लिहिणाऱ्यांसाठी: दिवसभरात पाहिलेलं एक माणूस पाच ओळींत उतरवा, पण विशेषणं वापरायची नाहीत. "आजोबा खूप दमले होते" असं लिहिणं सोपं. ते दमलेत हे तुम्हाला कशावरून कळलं ते लिहा. जिन्याच्या मधल्या पायरीवर त्यांनी पिशवी खाली ठेवली, हात बदलला, पुन्हा उचलली, आणि वर बघून किती पायऱ्या राहिल्या ते मोजलं. इथे "दमलेले" हा शब्द कुठेच नाही आणि त्याची गरजही उरली नाही. महिनाभर एवढं एकच करा. कथा नको, लेख नको.

भरतकाम करायचं असेल तर आधी नमुन्याचं कापड घ्या, डिझाइन नको. दोरा कोपरापासून बोटांपर्यंत, साधारण 45 सेंटिमीटर कापा; लांब घेतला की गुंता होतो आणि दर टाक्याला कापडातून घासून झिजतो. धावदोऱ्याच्या, म्हणजे सुई वर-खाली नेत घातलेल्या सरळ टाक्यांच्या चार ओळी, टाके सारख्या लांबीचे. दुसऱ्या दिवशी टीप, म्हणजे दर टाक्याला थोडं मागे येऊन घातलेली शिवण. मग साखळी टाका. दोरा ओढताना लक्ष ठेवा: जास्त ओढला की कापड चुण्या धरतं, ढिला सोडला की टाका वर उठतो. तो मधला ताण कितीही वाचून कळत नाही, हातालाच कळतो.

वाद्याचं सूत्र तर आणखी साधं. पूर्ण गाणं धरू नका, त्यातला एक तुकडा घ्या, मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावा आणि तो तुकडा सलग तीनदा स्वच्छ वाजला तरच गती चार-पाचने वाढवा. अडखळलात तर मागे या. फोटोग्राफीवाल्यांनी एकच वस्तू एकाच खिडकीशी ठेवून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी टिपावी. प्रकाशाचं निम्मं शिक्षण तिथेच होतं.

उठताना उद्याचं मांडून ठेवा

या लेखातलं एकच काही घ्यायचं असेल तर हे घ्या.

बहुतेक जण काम हाताला येईल तिथपर्यंत रेटतात आणि थकल्यावर किंवा अडल्यावर थांबतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी वही उघडली की समोर काय असतं? कालची अडचण. ती बघून पुन्हा वही मिटावीशी वाटली तर नवल नाही. त्यापेक्षा पुढचं पाऊल स्पष्ट दिसत असताना थांबा. परिच्छेदातलं पुढचं वाक्य माहीत आहे? ते अर्धं लिहून सोडा. चित्रात आता सावली द्यायचीय हे दिसतंय? सावलीची हद्द फिकट आखून ठेवा आणि पेन्सिल ठेवून द्या. भरतकामात सुईत दोरा ओवून, पुढचा टाका जिथे पडायचा तिथे सुई टोचून ठेवा.

आणि उठण्याआधीचं शेवटचं मिनिट उद्यासाठी राखून ठेवा. त्या मिनिटात तीन कामं: आजच्या पानावर तारीख घाला, पुढच्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात उद्याचं काम एका ओळीत लिहा, सामान पुन्हा जागेवर मांडा. पेन्सिलीला टोक काढा, ब्रश धुवून आडवे ठेवा, वही त्या कोऱ्या पानावर उघडी ठेवा. ओळ लिहिताना कंजुषी नको. "उद्या चित्र" याने काही होत नाही. "उद्या: चपलांचा जोड, वरून बघून, फक्त बाह्यरेषा" अशी ओळ हवी. दुसऱ्या दिवशी दमून आलेल्या माणसाला विचार करायचाच नसतो. त्याच्यासाठी ही चिठ्ठी असते. ती लिहिणारा माणूस ताजातवाना, कामात रंगलेला असतो, त्यामुळे तो चांगली चिठ्ठी लिहितो.

लोक इतर सगळ्या सूचना पाळतात आणि नेमकी हीच सोडतात, कारण ती फार क्षुल्लक वाटते. दोन आठवडे करून बघा.

खाडे पडणारच

एकवीस दिवसांत सवय लागते, असं सगळीकडे ऐकायला मिळतं. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या एका निरीक्षणावरून फिरत फिरत आला. 1960 मध्ये त्यांनी लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात. त्यातलं "निदान" गळून पडलं आणि नियम तेवढा उरला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांना 12 आठवडे साध्या रोजच्या सवयी लावायला सांगून नोंदी घेतल्या. 2010 मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायचा मधला आकडा 66 दिवस निघाला, आणि माणसामाणसांतला फरक 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत होता (12 आठवड्यांपलीकडचे आकडे हा नोंदींवरून काढलेला गणिती अंदाज). त्यातही खाण्या-पिण्याच्या सवयींपेक्षा व्यायामाच्या सवयींना जास्त वेळ लागला. चित्र काढणं किंवा लिहिणं हे काही जेवणासोबत फळ खाण्याइतकं सोपं नाही, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात अजून ओढून ताणून बसावं लागतंय म्हणून निराश व्हायचं कारण नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त दिलासा देणारी आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. नुकसान होतं ते चुकलेल्या दिवसामुळे कमी आणि त्यानंतरच्या हिशेबामुळे जास्त. "तीन दिवस बुडाले, आता रविवारी तीन तास बसून भरून काढतो," हे असलं कर्ज काढू नका. रविवारही येतो, तीन तास होत नाहीत, आणि मग वहीकडे बघायलाच लाज वाटते. बुडालं ते बुडालं. आज आजची दहा मिनिटं.

अगदी रया गेलेल्या दिवसांसाठी किमान हजेरी ठरवून ठेवा: एक ओळ, एक रेखाटलेली वस्तू, दोऱ्याचा एक फेरा. परीक्षा, आजारपण, घरातलं लग्न, लहान बाळ अशा काळात तेही जमणार नसेल तर सरळ सुट्टी घ्या. फक्त परत कधी बसणार ती तारीख वहीच्या पुढच्या पानावर लिहा. तारखेशिवायची सुट्टी सहसा संपत नाही.

सुचलेलं पकडून ठेवायची सोय

हात कामात असतात तेव्हाच डोकं मोकळं फिरतं. बहिणाबाई चौधरींना (1880–1951) लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम आणि शेतकाम करता करता त्यांना ओव्या सुचत आणि त्या गात. मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने त्यातल्या काही उतरवून घेतल्या म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या, त्याही संग्रहरूपाने बहिणाबाई गेल्यानंतर, 1952 मध्ये. उतरवून घ्यायला घरात कुणी असेलच असं नाही, तेव्हा ते काम आपलं आपणच करायचं. भांडी घासताना वाक्य सुचलं तर हात पुसून फोनवर बोलून ठेवा. खिशात मावणारी ए6 वही बाळगा. सुचलेलं नंतर आठवेल हा भरवसा ठेवू नका, आठवत नाही.

टिपणं मात्र साठून राहिली तर त्यांचा ढिगारा होतो. आठवड्यातून एकदा, एका ठरावीक बैठकीच्या सुरुवातीला, सगळी वाचून काढा. ज्यात अजून धुगधुगी आहे ती मुख्य वहीत उतरवा, बाकीची पुसा. निर्दयपणे.

नक्कल करा, पण डोळे उघडे ठेवून

नक्कल करणं वाईट असं शाळेत ठसवलं गेल्यामुळे अनेक जण इतरांचं काम समोर ठेवून शिकायला बिचकतात. शिकताना नक्कल केलीच पाहिजे. आवडलेलं चित्र समोर ठेवा आणि तसंच काढा. आवडलेला परिच्छेद हाताने उतरवून काढा, टाइप करू नका. उतरवताना लक्षात येतं की लेखकाने इथे वाक्य तोडलं, आपण जोडलं असतं. असं जिथे जिथे थबकाल तिथे समासात खूण करा. पुढच्या बैठकीत मूळ काम मिटवून ठेवा आणि त्या खुणेतलं एकच काही आपल्या विषयावर वापरून बघा. नुसती नक्कल करत राहिलं तर हात सफाईदार होतो आणि डोळा आळशी राहतो.

नक्कल केलेल्या पानावर मूळ कुणाचं ते लिहून ठेवा. दोन वर्षांनी ते तुम्हाला स्वतःचंच वाटायला लागतं, गंमत नाही. आणि असं पान आपलं म्हणून कुठे दाखवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

दोन-तीन महिन्यांनी: एक विषय, बरीच कामं

हात थोडा बसला की रोज नवा विषय शोधण्याचा कंटाळा येतो. तेव्हा मालिका धरा. एकच खिडकी, एकच चौक, एकच आजी, किंवा फक्त चपला, आणि त्यावर वीस कामं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी 1890–91 मध्ये गवताच्या गंजी पंचवीसच्या आसपास वेळा रंगवल्या. गंजी त्याच, बदलत होता तो प्रकाश आणि ऋतू. जपानी चित्रकार होकुसाईने फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यांची मुद्राचित्रं करायला घेतली आणि ती शेहेचाळीसवर गेली. विषय पक्का असला की सुरुवातीची निवड आपोआप मिटते, आणि सातव्या-आठव्या चित्रानंतर ठरलेल्या युक्त्या संपतात. तिथे कंटाळा येतो. तो येऊ द्या, तिथून पुढचं काम सहसा आधीच्यापेक्षा वेगळं निघतं.

मर्यादा घालून घेतल्या तर आणखी मजा येते. पूर्ण मालिका एकाच पेनाने. प्रत्येक टिपण पन्नास शब्दांत. फक्त दोन रंग.

अडलं तर

इंग्रज विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी 1926 मध्ये सर्जनाच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या: तयारी, मुरणं, उमगणं आणि पडताळणं. माणसं अडतात तेव्हा पुष्कळदा ती दुसऱ्या पायरीवर असतात आणि चौथीचं काम करायला बघत असतात. म्हणजे अजून मुरलेलं नाही आणि लगेच खोडायला बसलेत. अशा वेळी काम झाकून फेरफटका मारून या. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांच्या 2014 मधल्या प्रयोगांत बसण्यापेक्षा चालताना लोकांना जास्त वेगवेगळ्या कल्पना सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालतानाही. मात्र ज्या कोड्याचं एकच नेमकं उत्तर होतं, तिथे चालण्याचा फायदा झाला नाही, उलट कामगिरी किंचित घसरली. तेव्हा सुचायला चाला, दुरुस्तीला बसा.

फेरफटक्यावर कानात काही घालू नका. सुचायला जागा तरी राहू द्या.

महिन्यातून एकदा मागे वळून बघा

रोजचं काम रोज पारखू नका. करणं आणि पारखणं एकाच बैठकीत आलं की पारखणारा नेहमी जिंकतो. महिन्याच्या शेवटी सगळी पानं जमिनीवर किंवा पलंगावर पसरा. तारखांप्रमाणे लावा. मग बघा: कोणत्या पानांपाशी नजर थांबते? कोणती चूक पुन्हा पुन्हा आलीय? कोणत्या दिवशी वेळेचं भान सुटलं होतं? पुढच्या महिन्यासाठी त्यातली एकच चूक निवडा, बाकीच्या राहू द्या. आणि काहीही फाडू नका. आज भिकार वाटलेलं पान सहा महिन्यांनी उपयोगाचं निघतं, निदान प्रगती मोजायला तरी.

दाखवायचं कुणाला, आणि कधी

पहिल्याच आठवड्यात फोटो काढून सगळीकडे टाकायची घाई मला धोक्याची वाटते. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये बालवाडीतल्या, मुळात चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना "चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल" असं आधी सांगितलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना प्रमाणपत्र अचानक, न सांगता मिळालं, त्यांच्यात अशी घट झाली नाही. मोठ्या माणसांना आणि लाइक्सना हे जसंच्या तसं लागू करता येणार नाही, पण काढताना डोक्यात "यावर काय येतील प्रतिक्रिया" हे सुरू झालं की कागद कसा परका होतो, हे ज्याने अनुभवलंय त्याला पटेल. पहिले काही महिने वही खासगीच असू द्या.

त्यानंतर एखादाच माणूस निवडा, सोबत त्याच कामात असलेला असेल तर उत्तम. "कसं झालंय?" असं विचारू नका, त्यावर "छान" याशिवाय उत्तर नसतं. "तुझी नजर आधी कुठे गेली?", "कुठे वाचायचा कंटाळा आला?", "हे कुणाबद्दल आहे असं वाटलं?" असे प्रश्न विचारा. तो बोलत असताना खुलासे देत बसू नका. त्याने म्हटलेलं त्याच्याच शब्दांत पानामागे तारखेसह लिहा आणि त्या रात्री दुरुस्तीला हात घालू नका. दोन दिवसांनी तीच टिपणी वाचा, तेव्हा तिच्यातलं आपल्या कामाचं किती आणि त्याच्या आवडीनिवडीचं किती हे बऱ्यापैकी वेगळं करता येतं.